दौतीतली तार

शाई या शब्दाची जात काळी. फारसीत ‘सियाह’ म्हणजे काळा, त्यावरून ‘सियाही’, आणि आपल्या जिभेचे वळण लागता लागता तिची झाली ‘शाई’. पुढे निळी शाई आली, हिरवी आली, मास्तरांच्या हातात लाल शाई आली. ‘लाल शाई’ म्हणजे खरे पाहता ‘लाल काळे’. पण भाषा अशा गोष्टींवरून भांडत बसत नाही. तेव्हा यंदाच्या दिवाळीत आणखी एका शाईची ओळख करून दिली तर वाचकांची हरकत नसावी. ही शाई चांदीची आहे. चांदीच्या रंगाची नव्हे. ती लग्नपत्रिकांवर असते. ही खऱ्या चांदीची. तिने कागदावर ओढलेली रेघ वाचायची नसते. तिच्यातून वीज न्यायची असते. दौतीत आहे तोवर शाई आणि कागदावर उतरून वाळली की तार!

मराठी शिकवणाऱ्या माणसाने विजेच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. एक तर शाई हा आमचाच प्रांत आहे, आणि त्यात कोणी नवे राज्य स्थापन करीत असेल तर चौकशी करणे आमचे काम आहे. दुसरे असे की, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला रसायनशास्त्र शिकायला कॉलेजात जावे लागत नाही. वारा फिरला की ते घरी येते. कोणत्या कारखान्याचा आज कोणता वास, हे इथली शेंबडी पोरेही सांगतात. तेव्हा या शास्त्राचे आपल्याशी भांडण काय आणि नाते काय, हे अधूनमधून तपासून पाहिलेले बरे.

माझ्या चौकशीचे पहिले उत्तर मला आमच्या स्टाफरूममध्ये मिळाले. रसायनशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक आहेत. त्यांनी एक लहानशी बाटली टेबलावर ठेवली. आत तपकिरीकडे झुकणारा काळा द्रव.

“ही चांदी?” मी म्हणालो. “अहो, हे तर डांबर दिसते आहे.”

“सर, चांदी पांढरी दिसते ती तिचा तुकडा मोठा असतो म्हणून,” ते म्हणाले. “तिचे इतके बारीक कण केले की पातळ द्रवात ती पिवळी दिसते आणि दाट द्रवात अशी काळपट. कागदावर ओढून जरा तापवा, मग तिचा मूळ रंग परत येईल. म्हणजे तुमच्या शब्दाची अब्रू तिने राखली आहे. दौतीत ती काळीच आहे!”

या माणसाने मराठी घेतले असते तर माझी नोकरी धोक्यात आली असती.

आता हे बारीक म्हणजे किती बारीक? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर भरते. शाईतला चांदीचा कण असतो बहुधा ५० नॅनोमीटरांच्या आतबाहेर. इतक्या लहान कणांची नवलाई आजची वाटते. पण त्यांचा आणि शाईचा संसार फार जुना आहे. आपल्या पोथ्या ज्या शाईने लिहिल्या ती कशी करीत, ते आठवून पाहा. तेलाच्या दिव्यावर भांडे धरून काजळ जमवायचे, त्यात डिंकाचे पाणी घालायचे आणि हाताला रग लागेपर्यंत घोटत राहायचे. काजळ म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, काही दशक नॅनोमीटरांचे. नुसत्या पाण्यात टाकले तर ते एकमेकांना बिलगून गोळे होतात आणि पाण्यावर तरंगतात किंवा तळाशी बसतात. डिंक प्रत्येक कणाभोवती आपले पातळ अस्तर चढवतो आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. घोटण्याचे सारे कष्ट त्यासाठी. म्हणजे ज्या नॅनोचा आज एवढा गजर चालला आहे, ते आपल्या कारकुनांच्या कलमदानात सुखाने नांदत होते. नाव माहीत नव्हते, इतकेच.

आणि चांदीची शाई? तीसुद्धा आपणां सर्वांच्या अंगाला लागलेली आहे. मतदान करून बाहेर येताना डाव्या हाताच्या तर्जनीवर जी खूण होते, ती मैसूरच्या सरकारी कारखान्यातली शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. म्हणजे चांदीचा क्षार. त्वचेवरच्या मिठाशी तिचा संबंध येतो, उजेड पडतो आणि चांदीचे बारीक कण कातडीत काळे होऊन बसतात. साबण हरतो, राख हरते. नवी कातडी वर येईपर्यंत लोकशाही बोटावरून उतरत नाही. गंमत अशी की, वीज वाहणाऱ्या शाईची सुरुवातही बहुधा याच सिल्व्हर नायट्रेटपासून होते.

कृती सांगायला सोपी आहे. सिल्व्हर नायट्रेट योग्य द्रवात विरघळवायचे. त्यात क्षारातून धातू सुटा करणारे एखादे द्रव्य घालायचे. चांदी सुटी होऊ लागते. पण तिला मोकळे सोडले तर कणाला कण चिकटून ढेकळे होतील. म्हणून त्याच वेळी डिंकाच्या जातीचे, म्हणजे कणाभोवती अस्तर चढवणारे एक पॉलिमर तिथे हजर ठेवायचे. कण जन्माला आला की लगेच त्याच्या अंगावर झबले! कण वाढायचा थांबतो आणि शेजाऱ्याला चिकटतही नाही. मग ते धुवायचे, हव्या त्या द्रवात मिसळायचे आणि बाटलीत भरायचे. सांगायला सोपी म्हटले, करायला नव्हे. चकलीची कृतीही चार ओळींत लिहिता येते.

इथपर्यंत काजळाची शाई आणि चांदीची शाई यांची कुंडली जुळते. पुढे मात्र दोघींच्या वाटा फुटतात. काजळाच्या शाईत डिंक कायमचा राहिला तरी काही बिघडत नाही. उलट अक्षर कागदाला धरून राहते. चांदीच्या शाईत अस्तर राहिले तर सगळाच खेळ फसतो. कणाकणांमध्ये ते भिंतीसारखे उभे राहते आणि वीज एका कणातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही. बाटलीत अस्तर नसेल तर शाई होत नाही आणि कागदावर अस्तर राहील तर तार होत नाही. या धंद्यातली सारी विद्या या एका पेचात आहे. मोकळा भात करायचा तर गृहिणी त्यात चमचाभर तूप सोडते, म्हणजे शीत शिताला चिकटत नाही. इथे पातेल्यात भात मोकळा हवा आणि पानात वाढताक्षणी त्याचा मऊ गुरगुट्या व्हायला हवा. ही फर्माईश एखाद्या खाष्ट सासूलाही सुचली नसती.

पण ती पुरी होते, आणि कशी होते ते पाहण्यासारखे आहे. चांदी वितळायला सुमारे ९६२ अंश सेल्सियस उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत कागद तर राहोच, टेबलही उरणार नाही. मात्र कण लहान झाला की धातूचा स्वभाव बदलतो. लक्ष्मीपूजनाचे १० ग्रॅमचे नाणे घ्या. ते तळहाताच्या खळग्यात मावते. त्याचे ४० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले तर त्या सर्व कणांचा पृष्ठभाग मिळून सुमारे १४० चौरस मीटर होतो, म्हणजे दीड हजार चौरस फूट! बदलापुरात ज्यांनी घर शोधले आहे त्यांना हा आकडा काय चीज आहे ते निराळे सांगायला नको. पदार्थाच्या आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूला एका बाजूने मोकळे अंगण असते. तो सैल असतो, हालचालीला तयार असतो. ज्या कणात अशा सैल अणूंचा भरणा मोठा, तो फार कमी उष्णतेत शेजारच्या कणाशी हातमिळवणी करतो. म्हणून शाईची रेघ १५० ते २०० अंशांपर्यंत तापवली, म्हणजे आपण नानकटाई भाजतो त्या बेताने, की अस्तर सुटते, कणांच्या माना एकमेकींत गुंततात आणि सलग चांदीची रेघ तयार होते. कण वितळत नाहीत, सांधले जातात. टोकियो विद्यापीठातल्या योशिहिरो कावाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच्याही पुढची गोष्ट दाखवली. घरगुती प्रिंटरात चांदीची शाई भरून त्यांनी छायाचित्राच्या चकचकीत कागदावर मंडले छापली. कागदावरच्या लेपातच अशी योजना होती की तो अस्तर काढून घेतो. भट्टी लागतच नाही. काही सेकंदांत रेघ कोरडी होते आणि तिच्यातून वीज वाहू लागते.

प्रिंटरचे नाव निघाले म्हणून त्याच्या तोटीविषयी. तिचे छिद्र केसाहूनही बारीक, साधारण २० ते ५० मायक्रोमीटर. एका थेंबात सुमारे १० पिकोलिटर शाई असते, असे धरले तर चहाच्या एका चमच्यात पन्नास कोटी थेंब होतात. इतक्या बारीक छिद्रातून धातू पाठवायचा! एखादे ढेकूळ अडकले की तोटी बसलीच. आपल्या पट्ट्याला ही डोकेदुखी अनोळखी नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात लगद्याचा द्रव बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबून त्याचे धागे काढतात. तिथेही गाळणीवर आणि द्रवाच्या दाटपणावर सारा भरवसा असतो. शिवाय थेंब कागदावर पडल्यावर निराळीच कटकट. ओट्यावर चहाचा थेंब सांडून वाळला की त्याचा डाग मध्ये फिका आणि कडेला गडद का होतो? कडेचे पाणी आधी उडते, त्याची भरपाई करायला आतले पाणी कडेकडे धावते आणि जाताना रंग बरोबर नेते. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याचा उलगडा केला. चांदीच्या शाईचेही असेच होऊ लागले तर तारेच्या दोन्ही कडा जाड आणि पोट पोकळ. म्हणून वेगवेगळ्या तापमानाला उडणारी द्रव्ये हिशेबाने मिसळून ही धावाधाव आवरावी लागते.

येथे कोणी म्हणेल, हे सारे टोकियोत आणि शिकागोत. आपला काय संबंध? संबंध आहे. पुण्यात पाषाणच्या बाजूला ‘सी-मेट’ ही इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. छापून वापरायचे विद्युतवाहक लेप हा तिच्या कामाचा एक भाग. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये एका बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करवून घेतले, त्याची जगात चर्चा झाली. आणि आपल्या अगदी उंबऱ्यावर, कल्याण-बदलापूर रस्त्यावर जांभूळ फाट्याला, अंबरनाथच्या एस.आय.सी.ई.एस. महाविद्यालयात नॅनोतंत्रज्ञानाचे एक संशोधन केंद्र उभे राहिले होते. मुंबईच्या आय.आय.टी.त रसायनशास्त्र शिकवलेले डॉ. महेश्वर शेरॉन आणि डॉ. माधुरी शेरॉन यांची नावे त्या कामाशी निगडित आहेत. याच महेश्वर शेरॉन यांनी १९९० च्या दशकात आरतीच्या कापरापासून कार्बनचे सूक्ष्म मणी केले होते. अंबरनाथच्या पत्त्यावरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध सोन्याचे नॅनोकण तयार करण्याविषयी आहे, आणि ते काम ज्याच्याकडून करून घेतले तो पदार्थ म्हणजे कारले! तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडूच राहणारे हे फळ सोन्याच्या क्षारातून सोने सुटे करते आणि कणांवर अस्तरही तेच चढवते. डिंकाचे काम कारल्याने केले म्हणायचे. या संशोधकांचा ओढा औषधाकडे होता, शाईकडे नव्हता. पण कण करणे, तो मापात ठेवणे आणि त्याला शेजाऱ्यापासून दूर ठेवणे, ही विद्या दोन्हीकडे एकच. ती लोकलच्या साठाव्या किलोमीटरवर, एका उपनगरी कॉलेजात नांदली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे म्हणून इतके विस्ताराने लिहिले.

आता मूळ प्रश्न. तार शाईने छापण्याचा एवढा अट्टाहास कशासाठी? तांब्याच्या तारा काय संपल्या आहेत?

रेडिओ, टेलिव्हिजन किंवा मोबाईल उघडला की आत एक हिरवी पाटी दिसते. तिला ‘प्रिंटेड सर्किट बोर्ड’ म्हणतात. नाव छापील, पण तांबे तिच्यावर छापलेले नसते. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये पॉल आइसलर या व्हिएन्नाच्या माणसाने ही युक्ती काढली. तो छापखान्याच्या जगात वावरलेला होता. त्याच्या रीतीत आधी सबंध पाटीवर तांब्याचा पत्रा चिकटवायचा. मग जिथे तार हवी तिथे रक्षक लेप छापायचा आणि उरलेले सारे तांबे तेजाबासारख्या द्रवाने खाऊन टाकायचे. छापतात तो नुसता पहारा. तार उरते ती पहाऱ्याखाली. आमच्या कॉलेजातली मुले प्रकल्पासाठी अशी पाटी करतात तेव्हा प्लॅस्टिकच्या तसराळ्यात फेरिक क्लोराइडचे तपकिरी पाणी घेतात. पाटी खालीवर हलवीत राहिले की काही मिनिटांत नको असलेले तांबे पाण्यात जाते.

“आणि पाण्यातले तांबे कुठे जाते?” मी त्या तरुण प्राध्यापकांना विचारले.

“आम्ही ते साठवून, लोखंडाचा कीस टाकून तांबे परत काढतो. ते खाली बसले की गाळून घ्यायचे.”

“आणि सगळेच असे करतात?”

“सर, तुम्ही अंबरनाथला राहता,” ते म्हणाले, “मग मला का विचारता?”

त्यांचा रोख माझ्या लक्षात आला. अंबरनाथचे शिवमंदिर ज्या काठावर उभे आहे ती वालधुनी. मंदिरात शके ९८२ चा शिलालेख आहे. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी शिलाहारांच्या कारागिरांनी जागा निवडताना नदीकाठ पाहून निवडली होती. तीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. आज तिला नदी म्हणताना जीभ अडखळते. लोक सरळ नाला म्हणतात. उल्हासनगरात जीन्स रंगवण्याचा आणि धुण्याचा धंदा जोरात होता त्या काळात तिचे पाणी निळे वाहताना लोकांनी पाहिले आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून तिच्यात कसले तरी रसायन सोडले गेले, त्याचा वायू काठच्या वस्तीत पसरला आणि शेकडो माणसांना श्वास कोंडल्यामुळे इस्पितळात न्यावे लागले. त्या बातम्या ज्यांनी वाचल्या नाहीत, जगल्या, असे वाचक या अंकालाही असतील.

म्हणून मला या शाईचे मोल वाटते. आधी सगळे झाकायचे आणि मग नको ते खाऊन टाकायचे, ही जुनी रीत. हवे तिथेच, हवे तेवढेच ठेवायचे, ही नवी. पहिलीत गाळ आणि सांडपाणी हा कृतीचाच भाग असतो. दुसरीत धातू खरवडून फेकण्याचा प्रसंग येत नाही. शिवाय चांदी लागते तरी किती? मघाचेच १० ग्रॅमचे नाणे घ्या. त्याची एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी रुंद आणि अर्धा मायक्रोमीटर जाड अशी घट्ट रेघ ओढत गेलो तर ती १९ किलोमीटर लांब होईल. उल्हासनगर स्टेशनापासून बदलापूरपर्यंत जाऊन जवळजवळ परत यावे, इतकी! एवढ्या बारीक रेघेला रोधही तसाच असतो, हे खरे. पंखा किंवा इस्त्री तिच्यावर चालणार नाही आणि घरातले वायरिंग प्रिंटरने काढून इलेक्ट्रिशियनची मजुरी वाचवण्याचे स्वप्न कोणी पाहू नये. तिचे काम निरोप्याचे आहे: नाजूक संवेदक, वळणारे पडदे, औषधाच्या पाकिटावरची खूणपट्टी. जाडसर चांदीचा लेप जाळीतून छापण्याची थोरली रीत तर आपल्या दारी कधीच आली आहे. गच्चीवरच्या सौर पाट्यांवर ज्या बारीक रुपेरी रेषा दिसतात त्या अशाच छापलेल्या चांदीच्या.

मात्र शाईची नुसती आरती ओवाळून चालणार नाही. तिच्यातही खोडी आहेत. चांदी महाग, म्हणून तांब्याची शाई करू गेले तर तांबे हवेने काळवंडते. देवघरातला तांब्या चिंचेने घासणाऱ्या बायकांना हे शास्त्रज्ञांच्या आधी माहीत आहे. आणि कण जितका लहान तितका तो लवकर काळवंडतो. काळवंडलेले तांबे वीज अडवते. त्यावर तोड म्हणून प्रखर दिव्याचा क्षणभर झोत टाकून, हवेला संधी मिळण्याआधीच कण सांधण्याची रीत निघाली आहे. चांदीची खोड निराळी. जवळजवळच्या दोन रेघांवर विजेचा दाब असेल आणि हवा दमट असेल तर चांदी एका रेघेतून निघून दुसरीकडे हळूहळू फांद्या फोडीत जाते आणि एक दिवस दोघींची गाठ पडून मंडल बिघडते. बदलापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांनी असे यंत्र उघडे ठेवू नये. वर संरक्षक लेप हवाच.

सर्वांत मोठी गोष्ट शेवटी सांगतो. चांदी जंतूंना मारते म्हणून आपण तिची तारीफ करतो. पण सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत घाण खाणारे कामकरीही जंतूच असतात. चांदीच्या शाईचे धुवण मोरीत सोडले तर पहिला बळी त्यांचा जाईल. कण धुताना निघालेले पाणी, तोट्या साफ केलेले द्रव, फसलेले छापील कागद, या सगळ्यांत चांदी असते, आणि ती परत काढून घेणे शक्यही आहे, फायद्याचेही आहे. सराफकट्ट्यावर झाडलेली धूळसुद्धा विकली जाते. सोनारांनी शतकानुशतके पाळलेली ही शिस्त रसायनवाल्यांनी शिकायला हरकत नाही.

आपल्या पट्ट्याला या कामाची नैसर्गिक आवड असायला हवी, असे मला वाटते. रंग आणि रंगद्रव्ये करणारे कारखाने अंबरनाथ, बदलापूर आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत वर्षानुवर्षे आहेत. दाणा किती बारीक दळायचा, तो द्रवात तरंगत कसा ठेवायचा, बाटलीत महिनोन्‌महिने तळाशी कसा बसू द्यायचा नाही, हे तिथल्या जुन्या कामगारांना हाताच्या सवयीने कळते. जवळच विज्ञान शिकवणारी कॉलेजे आहेत. त्या कॉलेजांतून दर वर्षी रसायनाचे पदवीधर बाहेर पडतात आणि सकाळी मिळेल ती लोकल पकडून भलत्याच कामावर जातात. शाई हाताने ढवळणारा, छिद्रे तपासणारा, रेघेचा रोध मोजणारा माणूस याच मुलांतून व्हायला हवा. आजवर आपल्या भागाच्या वाट्याला रसायनाचा कारखाना आला तो पगार आणि वास एकत्र घेऊन. विद्या बहुतेक वेळा बाहेरून आली आणि गाळ तेवढा इथे राहिला.

ही नवी शाई उद्या इथे करायची कोणी ठरवली, तर माझी त्यांना एकच सूचना आहे. मी व्यापारी नाही, इंजिनियरही नाही. पण कोणताही निबंध लिहिताना समास आधी आखावा, हे मी मुलांना रोज सांगतो. पहिली बाटली भरण्याआधी धुवणाचे पिंप कुठे ठेवायचे ती जागा आखा. त्यातली चांदी परत कोण काढणार, त्या माणसाचे नाव ठरवा. आणि तो माणूस वालधुनीच्या काठी राहणारा असला तर फारच उत्तम.